मुंबई–न्यूयॉर्क: थेट विमान की लंडनमार्गे? मदत हवी आहे

ऑक्टोबरमध्ये आईला (वय ७२, गुडघेदुखी) मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफकेला न्यायचं आहे. मी सोबत असेन, व्हीलचेअर सांगणार आहोत. तिकीट अजून काढलेलं नाही.

नकाशावर सरळ अंतर सुमारे १२,५५० किमी दिसतं. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५५०, म्हणजे फेरा जेमतेम २०० किमीचा! याचं मला फार आश्चर्य वाटलं. वेळापत्रकंही पाहिली, पण दोन्हीकडच्या स्थानिक वेळा आणि साडेनऊ तासांचा फरक यात गोंधळ होतो. शिवाय जाताना समोरचा वारा, त्यामुळे परतीपेक्षा जास्त वेळ लागतो.

पैशांपेक्षा तिचा त्रास कमी होणं महत्त्वाचं. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी सांगावं: जाताना थेट विमानात प्रत्यक्ष किती तास बसावं लागलं, आणि लंडनला पाय मोकळे करायला किमान किती तासांचा थांबा ठेवावा?