मदत हवी आहे: ट्रेडमिलवर चार मिनिटांपलीकडे दमसास टिकत नाही

नमस्कार.

मी चिपळूण तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असून माझे वय ४४ आहे. ट्रेडमिलवर सलग धावण्याचा दमसास कसा वाढवावा, याविषयी अनुभवी व्यक्तींचे मार्गदर्शन हवे आहे. माहिती अपुरी पडू नये म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मार्चमध्ये केलेल्या रक्ततपासणीत माझी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी चाचणी, ६.१ आली. माझ्या आईला मधुमेह होता आणि पायाची जखम चिघळल्यामुळे तिची दोन बोटे काढावी लागली होती. दीड वर्ष रोज संध्याकाळी तिच्या पायाचे ड्रेसिंग मी केले आहे, त्यामुळे तो आकडा वाचल्यावर मला जे वाटले ते वेगळे सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांनी आधी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी, करून घेतली. तिच्यात दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवत नेतात. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर वेग आणि १४ टक्के चढ असताना, दोन मिनिटे चालून मी थांबले. अहवाल निर्दोष आला आणि हळूहळू धावायला सुरुवात करण्यास त्यांनी परवानगी दिली.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात पहाटे रस्त्यावर धावणे कठीण असते. अंधार, साचलेले पाणी आणि महामार्गावरची वाहने यांमुळे घरचेही नको म्हणतात. म्हणून जूनच्या मध्यापासून मी बाजारपेठेतील एका छोट्या जिममध्ये जाते. जिम पहिल्या मजल्यावर आहे आणि पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या बंद ठेवलेल्या असतात. पंखा एकच आहे आणि तो समोरच्या भिंतीवर बराच दूर आहे.

गेले सात आठवडे, आठवड्यातून चार दिवस माझा क्रम एकच आहे. पाच मिनिटे ५.५ च्या वेगाने चालते आणि मग वेग ८.५ करून धावते. पहिले मिनिट चांगले जाते, दुसरेही निभावते. तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडून श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, मानेची शीर उडताना जाणवते आणि पडद्यावर ३:४० दिसेपर्यंत धाप इतकी वाढते की नकळत हात बाजूच्या दांड्यावर जातो. मनगटावरच्या घड्याळात त्या वेळी हृदयाचे ठोके १७२ दिसतात. आजवरची माझी सर्वांत लांब धाव ४ मिनिटे १० सेकंदांची आहे आणि ती तीन आठवड्यांपूर्वीची आहे. विशेष म्हणजे पाय थकत नाहीत, श्वासच संपतो. ५.५ च्या वेगाने मात्र मी चाळीस मिनिटे सहज चालू शकते.

जिममधील प्रशिक्षक मनापासून मदत करतात. त्यांचे म्हणणे असे की रोज अर्धा मिनिट जास्त ढकलावे, मन घट्ट करावे, शरीराला सवय होते. मी तसा प्रयत्न केला, परंतु वेळ वाढला नाही आणि गेल्या दहा दिवसांपासून उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागले आहे. वेग ६.५ करून पाहिला, तर चालणे घाईचे होते आणि धावणे जागच्या जागी उड्या मारल्यासारखे वाटते. शिवाय शेजारच्या यंत्रावरील मुले ११ आणि १२ च्या वेगाने धावत असताना एवढ्या हळू जाण्याला धावणे म्हणावे का, असाही प्रश्न पडतो.

डिसेंबरमध्ये केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा असतात. तोवर आमच्या खो-खोच्या मुलींबरोबर मैदानाच्या फेऱ्या मारता याव्यात आणि नंतर केव्हातरी पाच किलोमीटर न थांबता धावता यावे, ही मनापासून इच्छा आहे. माझी चूक नेमकी कुठे होत आहे? वेग कमी करावा की याच वेगाने जिद्दीने वेळ वाढवावी? ट्रेडमिलला नेहमी एक टक्का चढ ठेवावा असे वाचले, ते माझ्यासारखीला लागू आहे का? आणि नडगी दुखत असताना धावणे सुरू ठेवावे का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. मी पुण्यात राहतो, बारा वर्षांपासून धावतो आहे आणि माझीही सुरुवात ट्रेडमिलवरच झाली होती. आपण सर्व तपशील दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले.

आपल्या जिद्दीत काहीही उणे नाही, वेग चुकला आहे. २२० मधून वय वजा करण्याचे जे जुने सूत्र आहे, त्यानुसार आपले कमाल ठोके १७६ येतात. २००१ साली मांडलेल्या दुसऱ्या सूत्राने, म्हणजे २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा केल्यास, १७७ येतात. ही सूत्रे सरासरीची आहेत आणि व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक पडतो. मनगटावरची घड्याळेही कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजून बसतात. तरीही १७२ आणि आपण वर्णन केलेली धाप एकत्र पाहिली, तर तिसऱ्या मिनिटाला आपण कमाल क्षमतेच्या जवळ पोहोचता, हे उघड आहे. त्या पातळीवर कोणीही फार वेळ टिकत नाही. प्रशिक्षित धावपटूसुद्धा आपल्या सरावाचा मोठा भाग गप्पा मारता येतील अशा वेगानेच धावतात.

आपण शिक्षिका आहात म्हणून एक मोजमाप सुचवतो. धावता धावता तेराचा पाढा मोठ्याने म्हणून पाहावा. ‘तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस’ एवढे एका श्वासात म्हणता आले तर वेग योग्य आहे. ‘तेरा दुणे’लाच श्वास तुटत असेल, तर पडद्यावर कोणताही आकडा असो, तो वेग आज आपला नाही.

६.५ ला अवघड वाटते हा आपला दोष नव्हे. बहुतेक प्रौढ माणसे ताशी सातच्या आसपास आपोआप चालण्यावरून धावण्यावर येतात, त्यामुळे त्याच्या थोडे खाली धावणे सर्वांनाच विचित्र वाटते. पावले लहान आणि भरभर टाकावीत, पाऊल शरीराच्या पुढे न टाकता शरीराखालीच पडू द्यावे, मग ६.८ च्या वेगानेही धावता येते. या वेगाने पाच किलोमीटरला ४४ मिनिटे लागतात आणि ते धावणेच आहे.

सुरुवात अशी करावी. पाच मिनिटे चालून एक मिनिट ६.८ ने धावावे, दीड मिनिट ५ ने चालावे, आणि असे आठ वेळा करावे. म्हणजे वीस मिनिटे होतात. जोश क्लार्क यांनी १९९६ साली नवशिक्यांसाठी जो नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला, त्याचा पहिला आठवडा असाच आहे आणि तो आठवड्यातून तीनच दिवस करायचा असतो. माझे स्वतःचे मत असे की चाळिशीनंतर नऊ आठवड्यांचा हट्ट धरू नये. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा, आणि चौदा आठवडे लागले तरी काही बिघडत नाही.

याचे कारण शरीराच्या वेळापत्रकात आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि पेशींमधील ऊर्जेची केंद्रे वाढण्यास त्याहून अधिक आठवडे लागतात. हाडे आणि स्नायुबंध मात्र महिनोन्‌महिने घेतात. दम आधी तयार होतो आणि नडगी मागे राहते, म्हणून नवशिके नेमके प्रगती दिसू लागल्यावर जायबंदी होतात. आपली नडगी दुखते आहे तोवर आठ-दहा दिवस फक्त चालावे. दुखणे आतल्या कडेने पसरलेले असेल तर ते बहुधा विश्रांतीने आणि वेग कमी केल्याने जाते. परंतु बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

एक टक्का चढाचा सल्ला १९९६ सालच्या एका अभ्यासातून आला आहे. उघड्यावर धावताना हवेचा जो विरोध होतो त्याची भरपाई म्हणून तो चढ असतो आणि तो ताशी साडेदहाच्या वरच्या वेगांसाठी आहे. आपण चढ शून्य ठेवावा. बाजूचे दांडे धरू नयेत, कारण शरीराचा भार हातांवर गेला की पडद्यावरचा आकडा खोटा ठरतो. पडण्याची भीती असेल तर लाल दोरीची सुरक्षा-किल्ली कपड्याला अडकवावी, ती ओढली गेली की पट्टा थांबतो, आणि ती रोजच अडकवावी.

शेवटी पंख्याविषयी, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. ट्रेडमिलवर आपण जागीच असतो, त्यामुळे धावण्याने अंगावर येणारा वारा मिळत नाही. कोकणातील दमट हवेत बंद खिडक्यांमागे घाम वाळतच नाही. मग शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. पंखा जवळ आणून समोर ठेवण्याची विनंती जिमच्या मालकांना अवश्य करावी.

प्रतिसाद २

ताई, वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु मला एक वेगळी शंका आली म्हणून लिहीत आहे. पाय थकत नाहीत आणि श्वास मात्र लगेच संपतो, सात आठवडे नियमित सराव करूनही काहीच फरक पडत नाही, हे वाचून विचारावेसे वाटते की आपण हिमोग्लोबिन कधी तपासले होते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मी स्वतः दोन वर्षे धाप लागण्याला वयाचा आणि वजनाचा दोष देत राहिले, आणि हिमोग्लोबिन ९.८ निघाले. आपल्या वयात पाळीचा रक्तस्राव अनेकदा वाढलेला असतो आणि आपण त्याविषयी बोलत नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासावे. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारावी, ती म्हणजे शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते.

प्रतिसाद ३

यंत्र जुने असेल तर त्याचा वेग तपासून घ्यावा. पट्ट्याची पूर्ण लांबी मोजावी, कडेला खूण करावी, आपण धावत असताना दुसऱ्या कोणाला तरी वीस फेऱ्यांचा वेळ मोजायला सांगावे. रिकामा पट्टा मोजून उपयोग नाही, अंगाचा भार आल्यावर वेग बदलू शकतो.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद, सात आठवड्यांनंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगण्याजोगे काही हाती आल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

हिमोग्लोबिन १०.२ निघाले आणि फेरिटिनही कमी होते. ज्या ताईंनी ही शंका घेतली त्यांचे ऋण मी मानते. पाळीचा त्रास वर्षभर होता, तो मी कोणालाच सांगितला नव्हता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, त्या लिंबाच्या पाण्याबरोबर घेते आणि जेवणानंतरचा चहा बंद केला आहे. मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.६ झाले. एचबीएवनसी आणखी दोन महिन्यांनी पुन्हा करायची आहे.

पट्ट्याच्या कडेला शाळेतील खडूने रेघ मारली. पट्टा २.९० मीटर भरला. वेग ६.८ ठेवून वीस फेऱ्यांना ३०.७ सेकंद लागायला हवे होते, ते २८.४ लागले. म्हणजे मी ज्याला ८.५ समजत होते तो वेग प्रत्यक्षात ९.२ च्या आसपास होता. आता पडद्यावर ६.३ ठेवते.

नडगीसाठी बारा दिवस फक्त चालले, मग एक मिनिट धावणे आणि दीड मिनिट चालणे यापासून सुरुवात केली. तिसरा आठवडा दोनदा करावा लागला. काल प्रथमच बारा मिनिटे सलग धावले. नवव्या मिनिटाला मुद्दाम तेराचा पाढा म्हणून पाहिला आणि एकोणचाळीसपर्यंत एका श्वासात पोहोचले. थांबल्यावर घड्याळात ठोके १५१ होते. पंखा आता माझ्या यंत्रासमोर स्टुलावर असतो.

पुढचा प्रश्न विचारते. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की शाळेच्या मैदानावर सराव सुरू करायचा आहे. मैदान जांभ्याचे आहे, कडक आणि थोडे उंचसखल. ट्रेडमिलवरून तिकडे जाताना नडगी पुन्हा दुखू नये म्हणून पहिल्या आठवड्यांत किती दिवस मैदानावर आणि किती दिवस पट्ट्यावर धावावे?