जुन्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरते, दोष कसा शोधावा?

प्रश्न

नमस्कार. बारा-तेरा वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी गाडी मी अलीकडेच घेतली आहे. रोज चालवली तर ती विनातक्रार सुरू होते. मात्र तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फचा नुसता टकटक आवाज येतो आणि जम्पर केबल लावल्याशिवाय इंजिन फिरत नाही. आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी नवी बॅटरी बसवली होती आणि तिच्यावरची तारीखही त्याला दुजोरा देते. गॅरेजमध्ये मात्र कोणतीही तपासणी न करता बॅटरीच बदलायला सांगितले, ते मला पटलेले नाही. दुसरी तक्रार अशी की, लांबचा प्रवास करून गाडी बंद केली आणि लगेच पुन्हा सुरू करायला गेलो तर सेल्फ जडपणे फिरतो. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे, गाडीत बाहेरून बसवून घेतलेली म्युझिक सिस्टीम आहे आणि माझ्याकडे साधा डिजिटल मल्टीमीटर आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

उत्तर १

तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे गृहीत धरू नका. लांबच्या प्रवासानंतर बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असते. तरीही त्याच वेळी सेल्फ जड फिरत असेल, तर त्याचा दोष उभ्या गाडीत होणाऱ्या विजेच्या गळतीला देता येणार नाही. जुन्या गाडीत दोन स्वतंत्र दोष एकाच वेळी असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि म्हणूनच एक सुटा भाग बदलूनही तक्रार तशीच राहते.

आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा आणि रात्रभर तशीच ठेवून सकाळी तिचे व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक आले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. त्यानंतर इंजिन चालू करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा भाग) चार्जिंग करत आहे. १३ च्याही खाली राहिले तर आधी पट्टा आणि मग अल्टरनेटर पाहा. बॅटरी नवी आहे एवढ्यावर मात्र निश्चिंत राहू नका. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, त्यामुळे गळती बंद केल्यानंतर तिची लोड टेस्ट (मोठा प्रवाह देताना व्होल्टेज टिकते का याची चाचणी) अवश्य करून घ्या.

उत्तर २

गळतीबद्दल लिहितो, कारण हे माप घाईने घेतले की हमखास फसते.

बॉनेट उघडे ठेवा, दाराच्या कडेवरची कुलपाची खिटी (लॅच) स्क्रूड्रायव्हरने फिरवून ‘बंद’ स्थितीत आणा, म्हणजे दार उघडे असूनही आतला दिवा विझेल आणि फ्यूजपर्यंत हात पोचेल. चावी गाडीपासून लांब ठेवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल सोडवा आणि ती केबल व बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज तत्काळ उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडीतली कंट्रोल युनिट (छोटे संगणक) जागी झालेली असतात. अर्धा-पाऊण तास काहीही न हलवता थांबा. शेवटी ५० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी राहिले तर ठीक.

त्याहून बरेच जास्त राहिले तर एकेक फ्यूज उपसत बसू नका, कारण फ्यूज परत बसवताना झोपलेली युनिट पुन्हा जागी होतात. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर लावून त्या दोन ठिपक्यांना टोके टेकवा. आकडा शून्य आला तर त्या फ्यूजमधून प्रवाह जात नाही, थोडासाही आला तर जात आहे. सगळे फ्यूज निर्दोष निघाले आणि गळती तरीही कायम राहिली, तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्या; त्याची जाड वायर सहसा आतल्या फ्यूजबॉक्समधून जात नाही, म्हणून तो या तपासणीतून निसटतो. अर्थात तुमच्या गाडीत माझा पहिला संशय म्युझिक सिस्टीमवरच आहे. तिला दोन पुरवठे लागतात, एक स्मरणासाठी कायमचा आणि दुसरा चावीबरोबर चालू-बंद होणारा. बसवणाऱ्याने दोन्ही वायरी कायमच्या पुरवठ्यावर जोडलेल्या अनेकदा सापडतात.

उत्तर ३

सेल्फ जड फिरण्याबाबत : अर्थिंगच्या (बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला व इंजिनला जोडणाऱ्या) वायरीचा रोध ओहममध्ये मोजू नका, त्यातून काही हाती लागत नाही. सेल्फ फिरताना १५० अँपिअर वाहत असतील तर ०.०१ ओहम रोधावर दीड व्होल्ट वाया जातात, आणि एवढा सूक्ष्म रोध साधा मीटर दाखवूच शकत नाही. त्याऐवजी इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन पंपाचा फ्यूज काढा, मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (त्यावर बसणाऱ्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत असावे. जास्त आले तर टोक क्लॅम्पवर, मग बॉडीवर, मग इंजिनवर असे पुढे सरकवत जा. आकडा जिथे उडी घेतो तिथे दोष आहे. इंजिन गरम असतानाच हे करा. अर्थिंग चांगले निघाले, तर सेल्फ फिरताना बॅटरीच्या खांबांवरचे व्होल्टेज पाहा, ते ९.६ च्या वर टिकत असेल तर पॉझिटिव्ह केबल आणि स्वतः सेल्फ तपासायचा राहतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. चार्जिंग १४.१ व्होल्ट आहे. गळती ०.३४ अँपिअरवर स्थिरावली, आणि म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढताच ती ०.०३ वर आली. अर्थिंगमध्ये खांब ते बॉडी ०.०५ व्होल्ट, पण खांब ते इंजिन ०.८५. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी विणलेली पट्टी बाहेरून धड दिसते. तिच्या टोकाच्या कानाशी (बोल्टसाठी भोक असलेल्या धातूच्या तुकड्याशी) मात्र तारा हिरव्या पडल्या आहेत आणि बोटाने दाबल्या की तुटतात. पट्टी घासून चालेल का?

उत्तर ३

घासून उपयोग नाही, कारण गंज कानाच्या आत, तारांच्या मधोमध शिरलेला असतो. तेवढ्याच किंवा अधिक जाडीची नवी पट्टी लावा, दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा आणि बोल्ट घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावा. काम करताना निगेटिव्ह केबल सर्वांत आधी काढा आणि सर्वांत शेवटी जोडा. नंतर तेच माप पुन्हा घ्या.

उत्तर २

०.३४ अँपिअर म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-तासांहून अधिक. चार दिवसांत ४५ पैकी सुमारे ३३ गेले, त्यामुळे तुमची पहिली तक्रार पूर्ण जुळते. सिस्टीमची चावीची वायर इग्निशनच्या पुरवठ्यावर घ्या आणि वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर त्याची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) सिस्टीमच्याच रिमोटच्या वायरीला जोडलेली आहे ना, तेही पाहा.