कोड बघा, बाईचं आयुष्य कशाला उकरता? (कॅरोल शॉ आणि इतर)

नर्मदा_डी
काल इथंच एकाने लिहिलं की जुन्या गेम लिहिणाऱ्या बायकांचा शोध घेणं हे रिकामटेकड्यांचं काम, कोड बघा आणि गप्प बसा. डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. कॅरोल शॉ अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात शिकून १९७८ ला अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीत लागली. पुढे १९८२ मध्ये ॲक्टिव्हिजन या दुसऱ्या गेम कंपनीसाठी तिने रिव्हर रेड हा नदीवरून विमान उडवायचा गेम लिहिला, अख्खा गेम ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये (गेमची यंत्रात खोचायची डबी). एवढ्याशा जागेत नदीचा नकाशा मावणं शक्यच नाही, म्हणून एक आकडा घ्यायचा, त्याचे बिट (शून्य-एकचे अंक) सरकवत पुढचा काढायचा आणि त्यावरून काठ, बेटं ठरवायची. सुरुवातीचा आकडा तोच, त्यामुळे नदी दर वेळी तीच. हे कोडमध्ये दिसतं, मान्य. पण अटारीचा अध्यक्ष रे कसार लॅबमध्ये येऊन म्हणाला होता की बाई मिळाली, आता रंगसंगतीचे आणि घरसजावटीचे गेम करता येतील, हे कोडच्या कुठल्या ओळीत दिसणार? ते तिनेच पुढे सांगितलं, कुणीतरी विचारायला गेलं म्हणून.

खडूसकाका
ते लिहिणारा मीच आणि अजून तेच म्हणतो. बाई १९९० ला काम सोडून घरी बसली, तिला प्रसिद्धी हवी असती तर तीच बोलली असती. आणि तुमचं ते 'गेम लिहिणारी पहिली बाई कोण' प्रकरण! वर्षानुवर्षं शॉ पहिली, मग २०१७ ला जॉइस वाइसबेकर निघाली, १९७६ मध्ये आरसीए कंपनीच्या स्टुडिओ २ या घरी खेळायच्या गेमयंत्रासाठी गेम लिहिलेली. उद्या तिसरी निघेल.

नर्मदा_डी
निघू दे की! शोधलं म्हणूनच जॉइस सापडली ना.

बिटबाइट
सगळं बाईवर नेऊ नका हो. अटारी गेमवर पुरुषांचीही नावं छापत नव्हती, त्याच रागातून चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि १९७९ ला ॲक्टिव्हिजन उभी राहिली.

मिरजेची_माई
पुरुषाचं नाव छापलं नाही तरी मित्रांना आठवतं आणि ते नाव आयुष्यभर तेच असतं. वॅबिट घ्या. १९८२ चा गेम, टेक्ससमधली अपोलो नावाची कंपनी, पुढे बुडाली. लिहिणारी व्हिएतनामी बाई कोण ते कितीतरी वर्षं कळेना, शेवटी दिवाळखोरीच्या कोर्टातल्या कागदांवरून माग लागला. तेव्हा ती बान ट्रॅन होती, आज व्हॅन माय आहे. कशी सापडणार सहज? आणि आपल्याकडे तर पहिलं नावसुद्धा बदलतात! माझ्या आईने ऐंशीच्या दशकात एका कारखान्याचा पगाराचा प्रोग्रॅम कोबोल या जुन्या कॉम्प्युटर भाषेत लिहिला. डिग्री सुनंदा नावाने, नोकरीत मानसी. पेन्शनच्या वेळी दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला ॲफिडेव्हिट, गॅझेट, वर साहेबांची बोलणी.

उगाचच
नाव बदलणं ज्याची त्याची मर्जी. माझ्या बायकोने हौसेने बदललं.

मिरजेची_माई
मर्जी? ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात तेव्हा नवरीला विचारतं कोण? आत्या आणि सासूबाई आधीच ठरवून बसलेल्या असतात.

उगाचच
माझ्या घरात डोकावायची गरज नाही. सगळीकडे अन्यायच दिसतो तुम्हाला.

मिरजेची_माई
घर तुम्हीच आणलंत मध्ये. वहिनींना विचारा, पासपोर्ट काढताना किती हेलपाटे झाले.

बिटबाइट
पासपोर्टचं खरंय, माझ्या बहिणीचं व्हिसाचं काम त्याच्यापायीच अडकलं होतं. पण धागा गेमचा होता ना?

खडूसकाका
वॅबिटच्या बाई स्वतः बोलल्या असतील तर माझी तक्रार नाही. विचारून केलं तर करा. पण कुणी कुठे राहते, नवरा काय करतो, असले प्रश्न इथे मागच्या धाग्यात दिसले होते, त्यांना माझा विरोध कायम.

नर्मदा_डी
पत्ता कुणालाच नकोय, मलाही नको. पण शॉने २०१७ ला आपले गेम आणि कोडचे छापील कागद अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियमला स्वतःहून दिले. लोकांनी बघू नये असं वाटत असतं तर दिले असते का?

खडूसकाका
दिलेत ना, मग ते बघा. मी पहिल्यापासून कोड बघा असंच म्हणतोय.

मिरजेची_माई
आमच्या आईचं कोबोल बघायला कुठल्या म्युझियमात जाऊ, काका? प्रिंटआउट कारखान्याने रद्दीत घातले. आई आहे, तिला अजून फाइलींची नावं पाठ आहेत. तिलाच विचारावं लागेल आणि मी विचारणार.