मदत हवी आहे: चार आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन कान्हेरीपर्यंत पायी जावे का?

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नाशिकहून बोरिवलीला नणंदेकडे जाणार आहोत आणि त्यातला एक दिवस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवला आहे. सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून मंगळवार धरला आहे. सोबत सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आम्ही तिघे मोठे असू.

मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. मुलगी पांडवलेण्यांच्या पायऱ्या तक्रार न करता चढते. धाकटा मात्र अर्ध्या वाटेवर हात वर करून ‘कडेवर’ एवढेच म्हणतो. चालतो तेव्हाही प्रत्येक मुंगळ्यापाशी थांबतो, त्यामुळे त्याच्या एका किलोमीटरला पाऊण तास लागतो. या हिशोबाने लेण्यांपर्यंत पोहोचायलाच साडेचार तास होतील.

माझा विचार असा आहे की उद्यानाच्या बसने वर जावे, मुलांचे पाय ताजे असताना लेणी पाहावीत आणि उतरताना जमेल तेवढे चालावे. नवऱ्याचे म्हणणे नेमके उलट आहे: सकाळी चालत जावे आणि दमलेल्या मुलांना परतताना बसमध्ये बसवावे. वाटेत मध्येच हात दाखवला तर बस थांबते का, यावर हा वाद बराचसा मिटेल.

लेण्यांची मला अधिक काळजी वाटते. महाविद्यालयात असताना मी तिथे गेले होते. खडकात कोरलेल्या पायऱ्या, कठडा नसलेले कडे आणि लेण्यांच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या पोढी तेव्हा मौजेच्या वाटल्या होत्या, आता आईच्या नजरेने आठवतात. शंभराहून अधिक लेणी पाहण्याचा हट्ट मुळीच नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला चैत्य (प्रार्थनागृह) आणि त्याच्या व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्ती मुलांना नक्की दाखवायच्या आहेत. त्यापुढे लहान मुलाला हाताशी धरून कुठवर चढणे शहाणपणाचे ठरेल, हे तिथे मुलांना नेलेल्यांनी सांगावे.

बिबट्यांमुळे सासूबाईंचा या बेताला ठाम विरोध आहे. बिबट्या प्रामुख्याने संध्याकाळनंतर वावरतो, म्हणून दुपारी तीनच्या आत खाली येण्याचे आम्ही ठरवले आहे. मुलांनी पुढे पळायचे नाही, मोठ्यांच्या मधोमध चालायचे, हेही रोज पढवणे सुरू आहे. अडचण वेगळीच आहे: धाकट्याला लघवीची घाई ऐनवेळी लागते आणि त्याला झुडपांच्या आडोशाला न्यायची माझी तयारी नाही. वाटेत स्वच्छतागृहे कुठे आहेत?

माकडांचा उपद्रव लक्षात घेता दशम्या आणि चिक्की पाठपिशवीतून बाहेर काढायला सुरक्षित जागा कोणती, तेही कळवावे. उद्यानातलीच शिलोंढ्याची पायवाटही नणंद सुचवते आहे. तिथे परवानगी आणि मार्गदर्शक लागतो एवढे ठाऊक आहे, परंतु चार वर्षांच्या मुलाला घेऊन कोणी गेले असल्यास त्यांचा अनुभव वाचायला आवडेल. नाहीतर ती वाट दोन-तीन वर्षांनी करू.