मदत हवी आहे: हिऱ्यांच्या खाणीचा जुना जंगलपट. हत्ती जुळतात, ग्रहण जुळत नाही

नमस्कार मंडळी,

जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या जाणकारांची मदत हवी आहे. आमचे आप्पा (माझे वडील) साठच्या दशकाच्या सुरुवातीला सांगलीत विलिंग्डन कॉलेजला होते. तासगावकडून आलेले, खोली घेऊन राहायचे आणि रविवारी सकाळी लागणारा इंग्रजी सिनेमा सहसा चुकवायचे नाहीत. त्यातला आफ्रिकेच्या जंगलातला, खजिना शोधायला निघालेल्या लोकांचा एक सिनेमा ते अजून रंगवून सांगतात. नाव मात्र आठवत नाही. आता ऐंशी ओलांडलीये आणि तो परत बघायची त्यांची फार इच्छा आहे. मलाही त्यांना तोच दाखवायचा आहे, त्याच्यासारखा दुसरा नको.

त्यांना आठवतं ते असं. सुरुवातीलाच हत्तीची शिकार होते. गोळी लागून एक हत्ती कोसळतो, आणि बाकीचे पळून जायचं सोडून त्याच्याभोवती जमतात, सोंडेनं ढकलून त्याला उठवायला बघतात. "खोटं न्हवतं गं काय त्यात, खरंच मारलेला हत्ती तो," असं आप्पा अजून चिडून सांगतात. पुढे गवताला वणवा लागतो आणि जनावरांचे कळपच्या कळप या लोकांच्या अंगावर धावून येतात. बरोबरची गोरी बाई उकाड्याला वैतागून आपले लांब केस कापून टाकते. शेवटाकडे ताडमाड उंच माणसांचा नाच आहे. खजिन्याच्या गुहेत सगळे कोंडले जातात आणि आतल्या पाण्यातून वाट काढून सुटतात. सिनेमा रंगीत होता, आणि "त्यात वाजंत्री न्हवती, नुसतं ढोल आणि त्यांचं गाणं".

एवढ्यावरून मला तरी 1950 चा 'किंग सॉलोमन्स माइन्स' वाटतो. स्ट्युअर्ट ग्रेंजर आणि डेबोरा कर यांचा. केनिया, युगांडा, टांगानिका, काँगो असं प्रत्यक्ष आफ्रिकेत जाऊन केलेलं चित्रीकरण, आणि रंगीत छायाचित्रण व संकलन या दोन्हींसाठी ऑस्कर. नेहमीसारखं पार्श्वसंगीत त्यात नाही, स्थानिक ढोल आणि गायनच आहे. मला सर्वात पक्की खूण हीच वाटते, कारण त्या काळात एवढ्या मोठ्या सिनेमात कोण असं करत होतं? उंच नर्तकही जुळतात, ते तुत्सी लोक.

अडतंय ते ग्रहणापाशी. आप्पा ठामपणे सांगतात, की जीव जायची वेळ येते तेव्हा हे लोक "आता अंधार पाडतो" म्हणून धमकावतात आणि ग्रहण लागतं. 1950 च्या चित्रपटात ग्रहण नाही. याच नावाच्या 1937 च्या चित्रपटात आहे, पण तो कृष्णधवल, आणि पॉल रोबसन त्यात चांगली गाणी म्हणतो. गाणारा माणूस आप्पांना अजिबात आठवत नाही. 1985 चा रिचर्ड चेंबरलेनचा तर त्यांच्या कॉलेजनंतर कितीतरी वर्षांनी आला, म्हणजे तोही बाद.

माझा अंदाज असा, की ग्रहण पुस्तकातून आलं असावं. हॅगार्ड या इंग्रज लेखकाची मूळ कादंबरी 1885 ची. तिच्यात ग्रहण आहे, आणि मरणाऱ्या पोर्तुगीज माणसानं स्वतःच्या रक्तानं कापडावर काढलेला नकाशाही आहे. तो नकाशाही आप्पा सांगतात! उलट कादंबरीत केस कापणारी ती गोरी बाई नाही, तिला सिनेमावाल्यांनी घातली. म्हणजे वाचलेलं आणि पाहिलेलं साठ वर्षांत एकमेकांत मिसळलं असेल. आप्पांजवळ सिनेमांच्या जाहिरातींचे कागद आणि वाचलेल्या पुस्तकांची वही होती, पण गावभागातलं घर 2019 च्या पुरात पाण्याखाली गेलं, त्यात ते सगळं गेलं. पडताळायला आता घरात काही नाही.

तर विचारायचं हे, की या कादंबरीचा जुना मराठी अनुवाद किंवा रूपांतर कुणी लहानपणी वाचलंय का? सांगली-मिरजेच्या वाचनालयांतून आणलेलं आठवत असेल तर मुखपृष्ठ कसं होतं तेवढं सांगा, आप्पांना त्यावरूनही ओळख पटेल. आणि रंगीतही आहे, ग्रहणही आहे, असा याच जातीचा दुसरा एखादा चित्रपट कुणाला माहीत आहे का? 1950 च्या सिनेमातली दृश्यं परत वापरून 1959 मध्ये 'वातुसी' नावाचा चित्रपट निघाला होता. तो पाहिलेल्यांनी ग्रहणाबद्दल जरूर लिहा.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. आप्पांना ऐकू कमी येतं आणि ते इंग्रजी उच्चार आता झेपत नाहीत. म्हणून संवाद मराठीत लिहून पडद्यावर खाली दाखवायचे ठरवलंय. भाषांतर मी करतेय, ते जमतंय. पण पेनड्राइव्ह लावला की टीव्हीवर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. संवादांची फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये साठवली तर चौकोन गेले, पण जोडाक्षरं फुटतात, 'खजिन्याचा'मधला 'न्या' सुटा सुटा दिसतो. अक्षरं थेट चित्रातच पक्की करून घेणं हा उपाय असावा. कुणी मराठीसाठी ते केलं असेल, तर कुठलं सॉफ्टवेअर आणि कुठला फाँट वापरला, हे सांगाल का? अक्षर ठळक आणि मोठं हवं, आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ओळ किती वेळ पडद्यावर ठेवावी याचाही अनुभव असेल तर लिहा. ते सावकाश वाचतात, आणि एकही वाक्य सुटलं तर मागे घ्यायला लावतात.