घरातली एकमेव गाडी म्हणून एम३४०आय घ्यावी का?

कर्वेनगर_७५

नमस्कार. २०२१ साली नोंदणी झालेली, एकाच मालकाने वापरलेली आणि अठ्ठावीस हजार किलोमीटर चाललेली बीएमडब्ल्यू एम३४०आय मला मिळू शकते. तीन लिटरचे, सहा सिलिंडर एका रांगेत असलेले टर्बो इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) आणि शून्यापासून शंभरपर्यंत ४.४ सेकंद हे आकडे मला पाठ आहेत. गाडी चालवून पाहिली तेव्हा ते पटलेसुद्धा, त्यामुळे माझा प्रश्न त्यांच्याविषयी नाही.

मी रोज कर्वेनगरहून खराडीला जातो. अंतर साधारण सतरा किलोमीटर असले तरी एका बाजूला तास सहज जातो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात, वडिलांना दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावे लागते आणि महिन्यातून एकदा आम्ही सगळे साताऱ्याला गावी जातो. सोसायटीचे पार्किंग तळघरात आहे व तिथला उतार तीव्र आहे. दुसरी गाडी ठेवायला जागा नाही. अशा घरात ही गाडी रोज वापरता येईल का, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकायचे आहे.

सहा_सिलिंडर

हीच गाडी मी पुण्यात साडेतीन वर्षे रोज वापरतो आहे आणि एक्केचाळीस हजार किलोमीटर झाले आहेत.

गर्दीची चिंता करू नका. पूर्ण टॉर्क दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आतच मिळतो, त्यामुळे नळ स्टॉप ते येरवडा या पट्ट्यात इंजिनाला कधी जोर लावावा लागत नाही. शिवाय आठ गिअरचा हा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे तेलामार्फत ताकद पुढे देणारा, आहे, दुहेरी क्लचचा नाही, म्हणून मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत झटके बसत नाहीत. कम्फर्ट मोडमध्ये ती एखाद्या शांत घरगुती सेदानसारखी चालते. पेट्रोल मात्र पिते. शहरात मला लिटरला सहा ते सात किलोमीटर मिळतात, आणि साताऱ्याच्या रस्त्यावर शंभरच्या आत ठेवली तर बारा-तेरा. टाकी ५९ लिटरची आहे, तेव्हा तुमच्या वापरात आठवड्या-दीड आठवड्याने पंपावर जावे लागेल.

खरा प्रश्न टायरांचा आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वारज्याजवळच्या सेवा रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही. आवाज मोठा झाला, पण गाडी सरळ चालत होती आणि हवेच्या दाबाची सूचनाही आली नाही, म्हणून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुणाऱ्या मुलाने हाक मारून पुढच्या डाव्या चाकावर बोट ठेवले. टायरच्या बाजूच्या भिंतीवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा आला होता. आतले धागे तुटल्यावरच असा फुगा येतो आणि त्याला पंक्चरसारखा इलाज नसतो. टायर बदलावाच लागतो. शिवाय हिच्यासारख्या चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एका आसावरच्या दोन टायरांच्या घेरात फार फरक पडून चालत नाही, त्यामुळे दुसरा टायर निम्मा झिजलेला असला की जोडीच घ्यावी लागते. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने पुढचे मागे आणि मागचे पुढे करून झीज वाटून घेण्याची सोयही नाही. मी तेव्हापासून टायरांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवतो, पावसाळ्यात पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर वेग वीसच्या आत आणतो, आणि दर रविवारी हवा तपासतो.

गतिरोधकांचे म्हणाल, तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. तसा असेल तर गाडी बिनघोर जाते. खाली लागते ती गल्लीतल्या अरुंद, टोकदार उंचवट्यांवर, आणि तीही मागे तिघे बसलेले असताना. तिरपी घालून एकेक चाक चढवण्याची सवय मला महिनाभरात लागली.

टोकन देण्याआधी मालकाला विनंती करून गाडी तुमच्या सोसायटीत आणा, घरच्या सगळ्यांना बसवा आणि तळघरात एकदा उतरवून पुन्हा वर काढा. उतार जिथे सपाट जमिनीला मिळतो तिथे पुढच्या बंपरची कड, आणि माथ्यावर गाडीचे पोट, या दोन जागा खाली वाकून बघा. महामार्गावरच्या अर्ध्या तासापेक्षा ही दहा मिनिटे तुम्हाला अधिक सांगतील.

ठाणे_आरएस

माझ्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे. २०२० साली भारतात दोनशेच आल्या, त्यांतली एक. तिची ताकद एम३४०आयच्या जवळपास नाही, २४५ अश्वशक्ती आणि ३७० न्यूटन मीटर, आणि तीही फक्त पुढच्या चाकांना. तरीसुद्धा घरातली एकमेव गाडी म्हणून मी हीच पुन्हा घेईन. मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो, त्यामुळे सासूबाईंची चाकांची खुर्ची घडी करून सरळ आत जाते. तुमच्या आई-वडिलांची गरज पुढच्या पाच वर्षांत वाढणारच आहे, म्हणून डिकीचे तोंड आणि दरवाज्याची उंची आजच मोजा, असे मी आग्रहाने सांगेन.

टायर बघताना बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात, पण रबर वयाने कडक होते आणि पावसात ब्रेक मारल्यावर ते कळते. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निसरड्या रस्त्यावरून निघते चांगली, पण थांबताना त्याचा उपयोग होत नाही.

श्टुटगार्टहून

मी इथे नऊ वर्षे बीएमडब्ल्यूचीच जुनी ई९० एम३ हीच एकमेव गाडी म्हणून चालवली. चार लिटरचे, आठ सिलिंडरचे व्ही८ इंजिन, ४२० अश्वशक्ती, आणि ती मिळते ८,३०० आरपीएमवर. इंजिन थंड असताना तिच्या आरपीएमच्या काट्याभोवतीचे दिवे वरचा भाग बंद असल्याचे दाखवतात आणि तेल तापत जाईल तसतसे एकेक विझतात. रोज सकाळी ते दिवे बघूनच मी शिकलो की इंजिन थंड ठेवणारे पाणी लवकर तापते आणि तेल बरेच मागे असते. तुमच्या गाडीत असे दिवे नसले, तरी पहिली दहा-पंधरा मिनिटे पाय हलका ठेवा.

सतरा किलोमीटरला तास लागत असेल, तर दहा हजार किलोमीटरमागे इंजिन जवळजवळ सहाशे तास चालते, आणि किलोमीटर मोजून तेल बदलणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. गाडीत तेल बदलण्याची सूचना येण्याची वाट न पाहता निम्म्या अंतरावर तेल बदला, आणि आधीच्या मालकाने ते कधी कधी बदलले याच्या पावत्या मागून घ्या.

कर्वेनगर_७५

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मालकांनी गाडी आमच्याकडे आणली. चौघे बसून तळघरात उतरलो, तर सरळ घातल्यावर माथ्यावर पोट हलकेच लागले, पण तिरपी घातल्यावर लागले नाही. मागे बसताना आईला त्रास झाला नाही. उतरताना मात्र तिला हात द्यावा लागला. पुढच्या सीटवर कडेच्या उंच गादीवरून पाय बाहेर काढणे तिला जमेना.

सहा_सिलिंडर

माझ्या वडिलांनाही हीच अडचण होती. पुढचे सीट पूर्ण मागे आणि पूर्ण वर घ्या, आईंना आधी दोन्ही पाय बाहेर टाकून आडवे बसू द्या आणि मग उठवा. फूटपाथला अगदी चिकटून उभी करू नका. हातभर अंतर ठेवून त्यांचे पाय रस्त्यावर टेकू द्या, म्हणजे गुडघे कमी वाकतात.

कर्वेनगर_७५

आज सकाळी तसे करून पाहिले. आई दुसऱ्या खेपेला स्वतःहून उठली. तेलाच्या पावत्या सगळ्या आहेत. मागचे दोन टायर मात्र २०२१च्या सुरुवातीचे निघाले, तेव्हा ते बदलून द्यावेत किंवा तेवढी किंमत कमी करावी, असे मालकांना कळवले आहे. त्यांच्या उत्तरावर पुढचे ठरेल.