मदत हवी आहे: दोस्ताचं सत्तर वर्षांवरचं आयुष्मान कार्ड

आम्ही दारव्ह्याकडचे जुने बीए वाले, आता कोणी नागपूरला नातवंडं सांभाळते, कोणी अजून वावरात. त्यातला एक दोस्त गावी एकटाच राहते, मोतीबिंदू इतका वाढला की माणूस आवाजावरून ओळखते. सत्तरच्या वर सगळ्यांना ५ लाखांपर्यंत फुकट इलाजाचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड भेटते, २०२४ पासून, उत्पन्नाची अट नाही, पण सेंटरवर याचा अंगठाच लागत नाही, जन्मभर पऱ्हाटी निंदून बोटाच्या रेघाच झिजल्या अन् आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद. चेहरा दाखवून होते म्हणतात, मोतीबिंदूच्या डोळ्यानं होईल का? यवतमाळ जिल्ह्यात या कार्डावर ऑपरेशन कुठं होते तेही सांगा ना बाप्पा. पैसे आम्ही दोस्त जमवतो, पण तो कोणाचे घेतच नाही.